कान तयार आहे, पेटी उघडा

वाचकहो, आपल्या गावचे भजनी मंडळ डोळ्यांपुढे आणा. टाळकरी हवे तितके मिळतात, पखवाजालाही कोणीतरी बसतो. पेटीवाला मात्र बहुधा एकच असतो. तो आजारी पडला किंवा लेकाकडे राहायला गेला, की भजनाची रया जाते.

वाळूजकडे पाहा. १९८५ साली येथे बजाजचा कारखाना आला, औद्योगिक वसाहत वाढली. घरातला तरुण आज दिवसपाळीला, उद्या रात्रपाळीला. ठरल्या वेळी शहरात जाऊन पेटीची शिकवणी लावणे त्याला कसे जमावे? पण एक भांडवल त्याच्याजवळ आहे. शेजारीच छोटे पंढरपूर आहे. आषाढी एकादशीला तेथे भाविकांची रीघ लागते. हरिपाठ आणि अभंगांच्या चाली लहानपणापासून कानांवर पडलेल्या असतात. म्हणजे अर्धे शिक्षण आधीच झालेले आहे.

कानाने शिकणे हे कमीपणाचे नाही. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) पेटी कोणा गुरूकडे बसून शिकले नाहीत. भास्करबुवा बखल्यांसारख्यांचे गाणे ऐकत, त्यांची साथ करत ते मोठे वादक झाले. पंडित भीमसेन जोशींना साथ करणारे अप्पा जळगावकर (१९२२–२००९) तर आपल्या मराठवाड्यातले, जालन्याचे. त्यांचा पेटीवरचा हातही स्वकष्टाने तयार झालेला.

आता सुरुवात कशी करावी ते सांगतो. पेटी असो वा बॅटरीवरचा कीबोर्ड, पट्ट्यांची मांडणी एकच. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, मग पुन्हा तेच. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा जोडीने दिसतात. दोनांतली डावीकडची ती काळी एक, तिच्या शेजारची काळी दोन; पुढच्या तिघी काळी तीन, चार आणि पाच.

पहिले काम गळ्याचे. काळी एक दाबून ठेवा आणि तिच्या सुरात ‘सा’ म्हणा. आवाज पट्टीत मिसळला, की पाठ असलेल्या अभंगाची एकच ओळ सावकाश गुणगुणा. मग त्यातला एकेक सूर बोटाने शोधा. चुकीची पट्टी लागली तर कान लगेच सांगेल. वर जायचे की खाली, एवढेच ठरवायचे. काळी एक हा सा धरला, तर शुद्ध स्वर असे येतात: रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच आणि नी वरची पांढरी एक. आठवड्यात एक ओळ बसली तरी पुष्कळ झाले.

दुसरे काम मनाने वाजवण्याचे. येथे पाच काळ्या पट्ट्या फार उपयोगी पडतात. काळी तीन हा सा धरून फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरा, भूपाचे सूर मिळतील. त्याच पट्ट्या, पण काळी एक हा सा धरला तर दुर्गाचे आणि काळी पाच धरला तर मालकंसाचे. पांढरीवर बोट गेले नाही, तर बेसूर पट्टी लागणारच नाही. एका हाताने सा दाबून ठेवा, भाता दुसऱ्या कोणाला मारायला सांगा आणि दुसऱ्या हाताची बोटे मोकळी सोडा. दर वेळी नव्या वाटेने जा, पण मुक्कामाला साकडेच या.

हेच भजनात कामी येते. गायक श्वास घेतो ती जागा पेटीवाल्याने भरायची असते. ओळीचे शेवटचे चार सूर परत वाजवा, हाच पहिला भराव. सरावाने त्यात एखादा सूर वाढवा. भजनी ठेका आठ मात्रांचा. पायाने मोजत राहा आणि समेवर गायकाच्या हाती ओळ परत द्या. त्याच्यावर कुरघोडी करू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. पाच सूर सापडले म्हणजे राग आला असे नाही. त्याची चाल जाणत्याकडूनच घ्यावी. शिवाय पेटीवर एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड निघत नाही. अशाच आक्षेपांमुळे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. म्हणून गळ्याने गाणे सोडू नका. आणि एकाच बोटाने वाजवायची खोड लागू देऊ नका, ती पुढे सुटत नाही.

गावचा जुना पेटीवाला अजून बसता-उठता आहे तोवर घरातल्या मुला-मुलीला त्याच्या शेजारी बसवा. त्याच्या चाली कोठे लिहिलेल्या नसतात. त्या कानांतून कानांत गेल्या तरच राहतील.