पार्ट घेण्याआधी डेटाशीट उघडा

समजा, ओझरजवळच्या द्राक्षबागेत तुम्हाला हिवाळ्यातलं रात्रीचं तापमान नोंदवायचंय. प्रोजेक्ट सोपा वाटतो: आर्डुइनो, सेन्सर, मेमरी कार्ड. पण सेन्सर कोणता घ्याल?

बरेच जण एलएम३५ उचलतात. स्वस्त आहे, दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, हिशोब सोपा. आता त्याची डेटाशीट बघा. साध्या जोडणीत, म्हणजे फक्त धन व्होल्टेज दिलं तर, तो साधारण २ अंश सेल्सिअसच्या खालचं मोजू शकत नाही. निफाड तालुक्यात कडाक्याच्या थंडीत पारा तिथपर्यंत उतरू शकतो. म्हणजे बागेला खरा धोका ज्या रात्री, नेमका त्याच रात्रीचा डेटा चुकणार. आणि आलेखाकडे बघून ते कळणारही नाही!

इथे डीएस१८बी२० बरा. तो उणे ५५ ते १२५ अंश मोजतो. उणे १० ते ८५ या टप्प्यात चूक अर्ध्या अंशाच्या आत. मात्र याचे नकली पार्टही बाजारात भरपूर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा किंवा ऑनलाइन मागवा, तपासणी कराच. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळा, वॉटरप्रूफ सेन्सर बुडवा. आकडा शून्यापासून अर्ध्या अंशापेक्षा लांब राहिला, तर तो सेन्सर बाजूला ठेवा.

प्रत्येक सेन्सरला नंबर द्या. कुठून, कधी घेतला, बर्फात किती दाखवलं, हे वहीत लिहा. उद्या व्हायव्हात "हा आकडा खरा कशावरून?" असं विचारलं, तर उत्तर त्या वहीतच असेल.