खर्च वाढला म्हणजे काय झाले?

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी 19 शहरांतील कुटुंबांना पाच गोष्टी विचारते. देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, भाव, घरचे उत्पन्न आणि घरचा खर्च. वर्षापूर्वीपेक्षा सुधारले की बिघडले? पुढच्या वर्षी काय होईल? या शहरांत मुंबई आहे, नागपूर आहे. उत्तरांवरून ग्राहकांचा ‘विश्वास’ मोजला जातो आणि तो आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो. माझे विद्यार्थी आकडा पाठ करतात. तो कसा बनतो हे कुणी विचारत नाही.

रीत सोपी आहे. 100 घरांपैकी 20 म्हणाली सुधारले आणि 50 म्हणाली बिघडले, तर उत्तर उणे 30. ‘तसेच आहे’ म्हणणारी 30 घरे वजाबाकीत येतच नाहीत. पाचही प्रश्नांच्या उत्तरांची सरासरी 100 मध्ये मिळवायची. बेरीज 100 च्या वर गेली तर आशा, खाली आली तर निराशा. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सद्यःस्थितीचा हा निर्देशांक 48.5 पर्यंत घसरला होता.

आता खर्चाचा प्रश्न पाहा. भाव वाढले, हे उत्तर निराशेच्या बाजूला धरतात. खर्च वाढला, हे मात्र आशेच्या बाजूला! अशा पाहण्यांची परंपरा मिशिगन विद्यापीठातील जॉर्ज कटोना यांनी 1946 च्या सुमारास सुरू केली. मोटार, फ्रीज यांची खरेदी माणूस पुढे ढकलू शकतो. तरी तो ती करतो, म्हणजे त्याला उद्याचा भरवसा आहे, असा हा विचार. ज्याला पुढे ढकलता येते त्याच्यापुरता तो खरा आहे.

माझ्या आईला विचारले तर ती म्हणेल, “वाढला की बाबा.” तेल, गॅस, धाकट्याची फी, वडिलांच्या गोळ्या. यातले काय पुढे ढकलायचे? पण त्या रकान्यात आमचे घर आशावादी ठरेल, भावाच्या रकान्यात निराश, आणि दोन्ही उत्तरे एकमेकांना खाऊन टाकतील. आवश्यक आणि अनावश्यक खर्च बँक वेगळे विचारते, हे मान्य. निर्देशांकात मात्र एकूण खर्चच जातो. जातीचा रकाना तर प्रसिद्ध तक्त्यांत नाहीच.

बाबासाहेबांनी 1923 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये रुपयाचे स्थैर्य त्याच्या खरेदीशक्तीवरून पाहिले. पौंडाशी असलेला दर त्यांना पुरेसा वाटला नाही. रुपयात बाजारातून काय येते, ही कसोटी आईला कुणी शिकवावी लागत नाही.

2025 पासून ग्रामीण आणि निमशहरी भागाची पाहणीही प्रसिद्ध होते. हे बरे झाले. पण बीडकडच्या आपल्या वस्त्यांत पाहणी करणारा नेमका केव्हा पोचतो, यावर बरेच अवलंबून आहे. हंगामापूर्वी आला तर घरात मुकादमाची उचल आलेली असते. हातात पैसा दिसतो, पण ते कर्ज असते. दिवाळीनंतर आला तर नवरा-बायको कोयता घेऊन फडावर गेलेली. दाराला कुलूप असते, नाहीतर म्हातारी आणि नातवंडे. उत्पन्न वाढले का, हे म्हातारीने काय सांगावे? उचल किती फिटली ते मुकादमाच्या वहीत असते.