मालमोटारींचा हिशेब

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्याच्या वैभवाचे वर्णन करताना कारखान्यांची नावे घेण्याची प्रथा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठीच्या दशकात टेल्को आली, पुढे चाकणला मोटारींचे देशी-परदेशी कारखाने आले. या साऱ्यांना जोडणाऱ्या मालमोटारींची आठवण मात्र बहुधा तळेगाव-चाकण रस्त्यावर कोंडी झाली म्हणजेच होते. या मालमोटारी पट्ट्याच्या उत्पन्नात नेमकी किती भर घालतात?

वाहतुकीच्या अर्थकारणाची मोजदाद पुण्याला नवी नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी एका सहकाऱ्यासह केलेली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी गोखले संस्थेने १९३५ सालीच प्रसिद्ध केली होती. मालवाहतुकीचा हिशेब मात्र बसपेक्षा अवघड आहे.

सोपा मार्ग म्हणून वाहून नेलेल्या मालाची किंमत सांगितली जाते. हा मार्ग फसवा आहे. पोलादाचा पत्रा भोसरीच्या प्रेस-शॉपमध्ये येतो, तेथून मुलामा चढविण्यासाठी दुसऱ्या शेडमध्ये जातो, मग रंगासाठी तिसरीकडे आणि शेवटी चाकणच्या जुळणी कारखान्यात पोहोचतो. चार खेपांत त्याच पत्र्याची किंमत चार वेळा मोजली जाते. २०१८ पासून ई-वे बिलामुळे गाडीचा क्रमांक, मालाची किंमत व अंतर यांची नोंद मिळू लागली, ही सोय मोठी आहे. परंतु इंजिनाची किंमत म्हणजे ते वाहणाऱ्या गाडीची कमाई नव्हे.

भाड्याची रक्कम घेतली तरी भागत नाही. समजा, एका खेपेचे भाडे शंभर रुपये आहे. त्यातून डिझेल, टायर, दुरुस्ती वजा जाता जे उरेल तीच वाहतुकीने घातलेली खरी भर. त्यात चालक-क्लीनरचे वेतन, कर्जाचे व्याज आणि मालकाची मिळकत येते. एकाच गाडीचा मालक स्वतःच चालक असेल तर त्याचा पगार कोणता आणि नफा कोणता, हे त्यालाही सांगता येणार नाही. शिवाय कारखान्याच्या स्वतःच्या गाड्यांचे काम कारखान्याच्याच खात्यात जाते. अमेरिकेत नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस यासाठी वाहतुकीचा वेगळा उपलेखा तयार करण्यात आला, तेव्हा वाहतुकीचा वाटा नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच मोठा असल्याचे दिसून आले.

प्रदेशाची सीमा हा आणखी एक पेच. एमएच १४ ही पाटी पिंपरी-चिंचवडची. पण चाकणच्या रस्त्याकडेला राजस्थान, हरयाणा, अगदी नागालँडच्या पाट्यांच्या गाड्याही उभ्या दिसतात. मोटारी वाहणाऱ्या त्या लांबलचक ट्रेलरची कमाई कोणत्या प्रदेशाची धरायची? नोंदणीवर विसंबले तर चाकणच्या पदरी फार थोडे पडेल.

काहींना बंदचा दाखला पुरेसा वाटतो. जानेवारी २०२४ मध्ये अपघातविषयक नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी काम थांबविले आणि लगोलग पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. यावरून अवलंबित्व कळते. परंतु अडवणुकीची किंमत ही योगदानाची किंमत मानली तर साखळीतल्या प्रत्येक कडीला संपूर्ण साखळीचे मोल द्यावे लागेल.

या सर्वांहून महत्त्वाची बाब कोणत्याच खात्यात येत नाही, ती म्हणजे थांबण्याचा वेळ. कारखान्याने गोदाम लहान ठेवावयाचे आणि सुटे भाग ऐन वेळी मागवावयाचे, ही आधुनिक पद्धत. गोदाम त्यामुळे नाहीसे होत नाही, ते रस्त्यावर येते. फाटकाबाहेर थांबलेल्या गाडीत कारखान्याचा माल असतो आणि चालकाचा दिवस. खेप तीच, भाडेही बहुधा तेच. खेपेमागे भाडे घेणाऱ्याची तिसरी खेप तेवढी बुडते. कोंडीत जळालेले डिझेल वाहतूकदाराच्या कमाईतून वजा होते आणि तेल कंपनीच्या विक्रीत जमा होते, हा तर हिशेबाचा विनोदच म्हणावयाचा! निगडीला ट्रान्सपोर्ट नगरी झाली. आणखी वाहनतळ, स्नानगृहे, विश्रांतीच्या जागा कोठे व किती हव्यात, हे ठरविण्यासाठी नेमका हाच आकडा लागतो.

तो मिळविणे फार अवघड नसावे. फाटकावर गाडी केव्हा आली आणि केव्हा सुटली, हे रखवालदार नोंदवीत असतो. महानगरपालिकेने आणि औद्योगिक विकास महामंडळाने प्रथम पन्नास फाटकांवरील एका महिन्याच्या या नोंदवह्या मागवाव्यात आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात.