मिशा फुटलेली तान्ही बाळं

वय चाळीस, नोकरी बरी, पण मनासारखं झालं नाही की भोकाड! अशा मंडळींसाठी चिनी भाषेत फर्मास शब्द आहे: ‘ज्यूयिंग’, म्हणजे अवाढव्य तान्हं बाळ.

शब्द टिकला, पुस्तक गेलं
२०१६च्या अखेरीस मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या वू झ्हीहोंग यांचं ‘ज्यूयिंगांचा देश’ हे पुस्तक आलं. दावा असा, की बहुतेक चिनी प्रौढांचं मन वर्षाच्या आतल्या बाळाएवढंच आहे. पुढच्याच वर्षी पुस्तक दुकानांतून गायब! शब्द मात्र घराघरांत रुळला.

उठणार नाही, जा!
ऑगस्ट २०१८. चिनानहून बीजिंगला जाणाऱ्या वेगवान रेल्वेत एका पठ्ठ्याने दुसऱ्या प्रवाशाच्या सीटवर ठाण मांडलं. वर कांगावा, ‘मला उभंच राहता येत नाही!’ व्हिडिओ देशभर फिरला. शिक्षा: २०० युआन दंड आणि १८० दिवस रेल्वेबंदी. २०२१पासून लागू झालेल्या नागरी संहितेत तर तिकिटावरच्याच सीटवर बसायचं, असं कलमच आहे. क्रमांक ८१५.

‘ज्यूयिंग’ची सख्खी-चुलत भावंडं
‘माबाओनान’ म्हणजे आईचा पदर न सोडणारा बाप्या. लाडावलेल्या नखरेल मुलीला जडतो तो ‘राजकन्येचा आजार’. ‘खन्लाओझू’ म्हणजे म्हाताऱ्यांना कुरतडणारी जमात, आईबापांच्या पैशावर जगणारी. च्यांगसू प्रांताने २०११मध्ये नियमच केला: धडधाकट मुलांनी पैसे मागितले, तर आईबाप खुशाल नकार देऊ शकतात.

आठवीचा आजार
जगात आपणच काय ते खास, ही आठवीतल्या पोराची ऐट. ‘आठवीचा आजार’ हा शब्द मूळचा जपानी. विनोदवीर इजुइन हिकारू यांनी १९९९मध्ये रेडिओवर तो रुजवला, मग तो चीनलाही लागला.

लाडोबांचा कारखाना
१९८०च्या सुमारास चीनमध्ये एक-मूल धोरण आलं, ते २०१५पर्यंत टिकलं. एका पोरामागे आईबाप दोन, आजी-आजोबा चार. या एकुलत्या लाडोबांवर, म्हणजे ‘छोट्या सम्राटां’वर, खापर फोडणं त्यामुळे फारच सोयीचं!

पोरपण चालेल, पण...
थोर माणूस तान्ह्याचं मन हरवत नाही, असं प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसचं मत. सोळाव्या शतकात चिनी विचारवंत ली झ्ही यांनी बालमनाच्या थोरवीवर निबंध लिहिला. मे २०२२मध्ये चीनमधल्या केएफसीच्या बालदिन-खाऊसोबतच्या नाचऱ्या पिवळ्या बदकावर मोठ्यांचीही झुंबड उडाली. बदक खुशाल नाचवा. फक्त शेजाऱ्याला तुमची आया व्हायला लावू नका!