दिशिक अँटेनाचा लाभ आणि कार्यक्षमता : खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या संदर्भात

प्रस्तावना :
दिशिक अँटेनाच्या अभ्यासात 'लाभ' व 'कार्यक्षमता' या संज्ञा पुष्कळदा समानार्थी मानल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. सर्व दिशांना समान ऊर्जा पसरविणाऱ्या आदर्श अँटेनाच्या तुलनेत एका दिशेला किती पट ऊर्जा एकवटते, हे लाभ दर्शवितो. तबकडीच्या क्षेत्रफळाचा किती अंश प्रत्यक्ष उपयोगी पडतो, हे कार्यक्षमता सांगते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या (जीएमआरटी) रचनेतून हा भेद स्पष्ट होतो.

लाभाचे गणित :
अन्वस्तीय तबकडीचा परीघ भागिले तरंगलांबी, या भागाकाराचा वर्ग म्हणजे लाभाची आदर्श मर्यादा होय. तिला कार्यक्षमतेने गुणले असता प्रत्यक्ष लाभ मिळतो. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकडीसाठी २ मीटर तरंगलांबीला ही मर्यादा सुमारे ५,००० पट, तर २१ सेंटिमीटरला सुमारे ४.५ लाख पट येते. म्हणजेच तरंगलांबी घटताच लाभ झपाट्याने वाढतो. मात्र कार्यक्षमता टिकविणे त्याच वेळी कठीण होते.

पृष्ठभागाची अचूकता :
पृष्ठभागात सरासरी १ सेंटिमीटर त्रुटी असल्यास २ मीटर तरंगलांबीला अर्धा टक्काही हानी होत नाही. तीच त्रुटी २१ सेंटिमीटरला सुमारे ३० टक्के लाभ हिरावून घेते. त्रुटीचा परिणाम तरंगलांबीशी असलेल्या तिच्या गुणोत्तरावर ठरतो.

रचनेतील निर्णय :
अखंड पत्र्याच्या तबकडीवर वाऱ्याचा प्रचंड भार येतो. तो पेलण्यासाठी पोलाद वाढते आणि त्याबरोबर खर्चही. प्रा. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून ताणलेल्या तारदोरांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसविली. वारा जाळीतून निघून जातो. दीर्घ रेडिओ तरंग मात्र परावर्तित होतात. जाळीची छिद्रे मध्यभागी १० मिलिमीटर, पुढे १५ व कडेला २० मिलिमीटर आहेत. फीड कडेच्या भागातून तुलनेने कमी ऊर्जा घेत असल्याने तेथील विरळ जाळीने होणारी हानी मर्यादित राहते.

परिणामी दीर्घ तरंगलांबीला कार्यक्षमता ६० टक्क्यांहून अधिक, तर २१ सेंटिमीटरला सुमारे ४० टक्के मिळते. हे उणेपण स्वीकारल्यामुळेच मर्यादित खर्चात ३० तबकड्या उभारता आल्या. त्यांचे एकत्रित उपयोगी क्षेत्रफळ दीर्घ तरंगलांबीला सुमारे ३०,००० चौरस मीटर भरते. २१ सेंटिमीटरलाही ते सुमारे १८,००० चौरस मीटर आहे.

निष्कर्ष :
सर्वाधिक कार्यक्षमता हे अँटेना-रचनेचे स्वयंसिद्ध ध्येय नव्हे. प्रथम कार्याची तरंगलांबी निश्चित करावी, त्यानुसार अचूकता ठरवावी आणि कार्यक्षमतेच्या प्रत्येक वाढीव टक्क्याची किंमत तपासावी. अध्यापनात केवळ सूत्र न देता हा विचारक्रमही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे.