शेततळ्यातले शेवाळ आणि निळा रंग

काळ्या मातीतल्या शेततळ्याचे पाणी पावसाळाभर गढूळ असते. वाशिम जिल्ह्यातला मालेगाव तालुकाही त्याला अपवाद नाही. बारीक गाळ पाण्यात तरंगत राहतो, ऊन तळापर्यंत पोचत नाही, म्हणून वनस्पतींना वाढता येत नाही. दिवाळीच्या सुमारास गाळ बसतो, पाणी नितळते आणि तळाशी शेवाळ आणि हायड्रिलासारख्या पाणवनस्पती जोर धरू लागतात. हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी फुटव्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळाचे झुबके चिकटतात, तुषार संचाच्या तोट्या तुंबतात.

पावसाळ्यात गाळ जे करतो, तेच काम तळ्यासाठी बनवलेला रंग करतो. वनस्पती अन्न तयार करण्यासाठी सूर्यप्रकाशातला मुख्यतः निळा आणि तांबडा भाग वापरतात. या रंगातले निळे द्रव्य नारिंगी-तांबड्या पट्ट्यातला उजेड शोषते, तर पिवळे द्रव्य निळ्या-जांभळ्या पट्ट्यातला. खाद्यपदार्थांत वापरले जाणारे ब्रिलियंट ब्लू आणि टार्ट्राझिन ते हेच. रंग विषारी तणनाशकासारखा वनस्पतीला मारत नाही, तिची उपासमार करतो. म्हणून तो पाणी नितळताच, कोंब लहान असताना टाकावा लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पोचलेल्या झाडावर त्याचा उपयोग नाही. जलपर्णी आणि पाणकणीस यांची पाने तर उघड्या उन्हातच असतात; ती उपटूनच काढावी लागतात.

२०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले मोठे तळे ३० × ३० × ३ मीटरचे. बाजूंना एकास एक उतार धरला तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. द्रवरूप रंगाचे प्रमाण साधारण दहा लाखाला एक असते. भरलेल्या तळ्याला दोन-सव्वादोन लिटर पुरतो. प्रत्येक उत्पादनाची तीव्रता वेगळी असल्याने बाटलीवरचे प्रमाणच पाळावे. काठावरून चार ठिकाणी ओतला की रंग आपोआप पसरतो. तीन मीटर खोलीत त्याचा परिणाम चांगला होतो. दोन फुटांहून उथळ काठावर मात्र पुरेसा उजेड पोचतोच. उन्हाने रंग हळूहळू फिका पडतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. सांडव्यातून पाणी वाहत असताना टाकलेला रंग वायाच जातो.

तो वाहून कुठे जातो, हेही महत्त्वाचे. मालेगाव परिसरातून जाणाऱ्या काटेपूर्णा नदीवर पुढे अकोला जिल्ह्यात महानचे धरण आहे आणि अकोला शहर त्याचे पाणी पिते. माणसांच्या पिण्याच्या पाण्यात हा रंग टाकायचा नाही, हा नियम कडकपणे पाळायला हवा. कपड्यांची नीळ किंवा होळीचे रंग पर्याय म्हणून वापरणे तर धोक्याचेच. होळीच्या काही रंगांत जड धातू असतात.

मासे असलेल्या तळ्यात आणखी विचार करावा लागतो. शेवाळ दाट झाल्यावर रंग टाकला तर ते मरून कुजते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. शिवाय उजेड कमी झाला की सूक्ष्म प्लवंगही घटतात, आणि कटला माशाचे खाद्य तेच. अशा तळ्यात हायड्रिला आवडीने खाणारा गवत्या मासा अधिक कामाचा.

परसातल्या कमळाच्या टाक्यात रंग चालतो, पण पाने पाण्यावर आल्यानंतरच. त्याआधी कमळाच्या कोंबांनाही उजेड लागतो.

रंगाने अडतो तो फक्त उजेड. सोयाबीनला दिलेल्या खतातला स्फुरद मातीबरोबर तळ्यात येत राहिला, तर रंग फिका पडताच शेवाळ पुन्हा वाढते. त्यामुळे पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा आणि काठावर गवताचा पट्टा हे उपाय आधी करायचे. खड्ड्यात साचलेला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात पसरला, की त्यातले खत पुन्हा पिकाला मिळते.