पालि ‘सति’ : आठवण आणि पहारा

पालि ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. ‘स्मृ’ धातूपासून निघालेल्या या शब्दाचा अर्थ ‘आठवण’ असावयास हवा. परंतु सतिपट्ठान सुत्तात भिक्षूने श्वास घेताना व सोडताना सति बाळगावी असे सांगितलेले आढळते, तेव्हा ही आठवण कशाची, असा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. चालू असलेला श्वास कोणी आठवीत बसत नाही. या अडचणीतून सुटण्यासाठी मराठीत ‘सजगता’ किंवा ‘जागरूकता’ असा प्रतिशब्द योजण्याचा प्रघात पडला आहे. तो सोयीचा खरा. पण त्यात मूळ शब्दाचा अर्धा अर्थ गळून पडतो, असे आमचे मत आहे.

प्रथम त्रिपिटकातील साक्ष पाहू. संयुत्तनिकायातील इंद्रियसंयुत्तात सतींद्रियाची व्याख्या करताना, फार पूर्वी केलेले व बोललेले ज्याला आठवते तो सतिमान, असे म्हटले आहे. धम्मसंगणीतील पर्यायमालेतही ‘अनुस्सति’, ‘धारणता’, ‘असम्मुस्सनता’ हे स्मरणवाचक शब्दच पुढे येतात. तेव्हा स्मरणाचा अर्थ मागे पडून जागरूकतेचा नवा अर्थ रूढ झाला, असे म्हणता येत नाही. दोन्ही अर्थ एकत्रच नांदत होते. ते कसे, हे अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातातील सीमेवरील नगराच्या दृष्टांतावरून उत्तम कळते. त्या नगराच्या वेशीवर एक चतुर द्वारपाल आहे. तो अनोळखी माणसास अडवितो आणि ओळखीच्यास आत सोडतो. हा द्वारपाल म्हणजे सति. आणि लागलीच त्याच ठिकाणी सतीचे लक्षण म्हणून पूर्वी केलेल्या-बोललेल्याचे स्मरण सांगितले आहे. द्वारपाल केवळ जागा असून भागत नाही. आपला कोण आणि परका कोण याची ओळख त्याला नसेल, तर तो डोळे ताणून उभा राहिला तरी चोर आत शिरेलच. ओळख ही स्मरणावाचून होत नाही. सतीचा पहारा हा असा आठवणीच्या बळावर चालणारा पहारा होय. कुशल आणि अकुशल यांचा विवेक त्यात गृहीत आहे.

बुद्धघोषानेही विसुद्धिमग्गात सतीला द्वारपालाची उपमा दिली आहे. शिवाय रोवलेल्या खांबाचीही. या दुसऱ्या उपमेमागे ‘अपिलापन’ हा शब्द आहे. अट्ठकथाकार त्याचा अर्थ ‘न तरंगणे’ असा लावतात: पाण्यावर भोपळा तरंगतो तसे चित्ताने विषयावर तरंगू नये, त्यात बुडावे. आधुनिक पंडितांपैकी काहींना हा शब्द ‘लप्’ धातूपासून, म्हणजे ‘घोकणे, म्हणून दाखविणे’ या अर्थाचा वाटतो. मिलिंदपञ्हात सतीचे हे लक्षण समजाविताना, राजाला त्याच्या वैभवाची आठवण करून देणाऱ्या भांडारप्रमुखाचे उदाहरण आहे. ते या दुसऱ्या मताला अधिक जवळचे दिसते.

योगसूत्रांच्या अभ्यासकांना हे सारे परके वाटू नये. पतंजलीने पहिल्या पादात स्मृतीचे लक्षण ‘असंप्रमोष’ असे केले आहे आणि पुढे श्रद्धा, वीर्य, स्मृति, समाधि, प्रज्ञा ही पंचकडी दिली आहे. बौद्धांची पाच इंद्रिये तीच, आणि क्रमही तोच. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यातही आलंबनाचा असंप्रमोष हीच स्मृतीची व्याख्या आहे. अनुभवलेला विषय निसटू न देणे आणि समोरचा विषय निसटू न देणे, या दोहोंमध्ये ‘न निसटणे’ हा भाग समान आहे. श्वासाच्या बाबतीत आठवावयाचे असते ते हेच, की आपण श्वासाकडे पाहावयास बसलो आहोत.

मराठी वाचकाला हा दुहेरी अर्थ समजावयास दूर जावे लागत नाही. ‘मुलाकडे लक्ष ठेव’ आणि ‘माझे बोलणे लक्षात ठेव’ या दोन वाक्यांत एकाच ‘लक्ष’ शब्दाने एकदा पहारा आणि एकदा स्मरण व्यक्त होते, आणि बोलणाऱ्याला त्यात काही विसंगती जाणवत नाही. ‘भान राखून बोलणे’ यातही केवळ शुद्धीवर असणे नाही. आपण कोण, समोर कोण, काय बोलू नये, हे ध्यानात असणे आहे. चिनी भाषांतरकारांनी ‘न्येन’ आणि तिबेटी पंडितांनी ‘द्रन्‌पा’ हे शब्द योजले, तेही स्मरणवाचकच.

इंग्रजीत ऱ्हीस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये ‘माइंडफुलनेस’ हा शब्द रूढ केला, तेव्हा सति म्हणजे शब्दशः स्मृति, हे त्यांनी नोंदविले होते. 1979 पासून अमेरिकेत वैद्यकीय उपचारात त्या शब्दाचा जो प्रसार झाला, त्यात ‘वर्तमान क्षणाकडे निर्णय न देता पाहणे’ हा अर्थ पुढे आला. उपचाराच्या दृष्टीने त्याचे मोल असेल; परंतु निवड न करणारा द्वारपाल अंगुत्तरनिकायाला ओळखीचा नाही. आजची ‘सजगता’ बहुधा या इंग्रजी शब्दावरूनच आलेली असल्याने, तो अर्थ पालि ग्रंथांच्या भाषांतरात नकळत शिरतो. शिवाय सुत्तांत सतीच्या जोडीला ‘सम्पजञ्ञ’ हा शब्द वारंवार येतो. ‘सजगता’ हा प्रतिशब्द वापरावयाचाच असल्यास त्याच्यासाठी राखावा, आणि सतीला ‘स्मृति’च म्हणावे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘सम्यक् स्मृति’ असेच लिहिले आहे.

जाता जाता एक गोष्ट. प्राकृतात ‘स्मृति’चे ‘सइ’ असे रूप होते, आणि मराठी ‘सय’ त्यावरूनच आली असे व्युत्पत्तिकार मानतात. ‘सय येणे’ यात आठवण तेवढी उरली आहे. पहारा उरलेला नाही.